ओढ्यावरचा दोर

सर, तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली तरी तुमचा राग जात नाही, म्हणून लिहायला बसलो. आज शुक्रवार, इथली सुट्टी. खोलीतले बाकीचे लोक कपडे धुतायत. मी इथे आखातात, दम्मामच्या बाजूला एका कंपनीत क्रेनखाली रिगरचं काम करतो, म्हणजे लोखंडाला दोर नाहीतर साखळी बांधून वर पाठवायचं. दिवसभर गाठी बांधतो, असं म्हणा. तुम्हाला हे ऐकून आनंद झाला असता, आणि नेमकं तेच मला नको आहे. तुम्ही शिकवलं म्हणून मला येतंय असं तुम्हाला वाटलं असतं.

तेव्हा मी धामणकर नाक्याजवळच्या कारखान्यात लूम, म्हणजे कापडाचा यंत्रमाग चालवायचो. शिक्षण आठवी, तीही रडतखडत. तुम्ही संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मोठ्या पोरांचं स्काउट पथक चालवायचात, आम्हाला रोव्हर म्हणायचात. मिशा फुटलेले आम्ही, गळ्यात स्कार्फ बांधून गोल उभे, आणि मधे खाकी हाफपँटमधले तुम्ही, नडग्या दुधासारख्या पांढऱ्या. कुंपणाबाहेरून रिक्षावाले ओरडायचे, "ए बँडवाले, वरात कुठं हाय?" मी ते ऐकून घ्यायचो ते एकाच कारणासाठी. राज्याचं प्रशस्तिपत्र मिळालं की रेल्वेत स्काउटांच्या राखीव जागांसाठी अर्ज करता येतो आणि आठवी चालते, हे तुम्हीच सांगितलं होतं. मला लूममधून सुटायचं होतं. माझा बाप त्या कापसाच्या धुळीत खोकायला लागला होता आणि मला माझा खोकला ऐकायचा नव्हता. तुमची प्रार्थना, तुमची शिट्टी, तुमचे नियम, सगळं मी त्या एका कागदासाठी सहन केलं.

आणि तुम्ही मला गाठीत नापास केलंत. तुमच्या पुस्तकात एक जुलाहा गाठ होती. एक दोर जाड, एक बारीक, ते जोडायला. नावातच विणकर आहे सर. लूमवर धागा तुटला की आम्ही ती गाठ दिवसातून शेकडो वेळा मारतो, डोळे दुसऱ्या लूमवर ठेवून, आणि उरलेलं टोक दातांनी तोडतो. तुम्ही दोन दोऱ्या हातात दिल्यात, मी एका दमात गाठ मारून परत दिली. तुम्ही कपाळाला आठ्या घातल्यात.

"ही कुठली रीत?"

"कारखान्यातली, सर."

"कारखान्यातलं इथे चालणार नाही. पुस्तकात चार पायऱ्या दिल्यात. सावकाश, एकेक पायरी दाखव."

"पण सर, गाठ तीच आहे."

"वाद घालू नकोस. शिस्त नाही तुम्हा लोकांत."

तुम्हा लोकांत. हे दोन शब्द मी अजून चावतोय. मी पायऱ्या दाखवल्या नाहीत. तुम्ही वहीत लाल शाईने फुली मारलीत आणि म्हणालात, शिबिरानंतर पुन्हा बघू.

मग ते शिबिर. भर थंडीत तुम्ही आम्हाला वज्रेश्वरीच्या पलीकडच्या रानात नेलंत, चार दिवस, रानात कसं जगायचं ते शिकवायला. आमच्यातली निम्मी पोरं त्याच बाजूच्या गावांतली. माझी आई त्या रानातून मोळ्या आणायची. तिथे तुम्ही हातात यादी घेऊन उभे राहता आणि सांगता, "रोव्हरने निसर्गाला घाबरू नये." दुसऱ्या दिवशी भांड्याविना स्वयंपाक. बटाट्याला चिखल थापून निखाऱ्यात पुरायचा, कणकेचा गोळा काठीला गुंडाळून भाजायचा. लाकडं विकायला निघालेली एक म्हातारी थांबली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मास्तर, पोरांच्या घरी भांडी न्हायत का?" आम्ही हसलो. तुम्ही गंभीरपणे तिला साहसाचं महत्त्व सांगायला लागलात. ती घरी गेली आणि जर्मनचा टोप घेऊन आली. तुमचा बटाटा आतून कच्चा होता. तुम्ही तो पूर्ण खाल्लात, मीठही न लावता, आणि "उत्तम" म्हणालात. असला खोटेपणा मला त्या वयात बघवत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दोर. ओढा अरुंद, खाली दोन पुरुष खोल, पाणी कमी आणि दगड फार. दोन्ही काठांच्या झाडांना दोर बांधून त्याला लटकत पलीकडे जायचं. तुमचा जाड सुती दोर तीन-चार हात कमी पडला, म्हणून तुम्ही त्याला तंबूचा नायलॉनचा बारीक दोर जोडलात. मी तुमच्या शेजारी उभा आहे. तुमचे हात मला दिसतायत, अगदी आत्ता दिसतायत. तुम्ही घाईत डॉक्टरी गाठ बांधलीत, मलमपट्टीला मारतात ती. ती सारख्या जाडीच्या टोकांची. जाडाला बारीक असं जोडलं की ओझं पडल्यावर बारीक सरकतं. हे लूमवर पहिल्या आठवड्यात कळतं, आणि तुमच्या पुस्तकातही होतंच की. तुम्ही दोर ओढून बघितलात, हाताने ओढला तर ती धरते. मग नेहमीप्रमाणे म्हणालात, "आधी मी, मग पोरं." आणि विचारलंत, "सगळे तयार?"

सगळे ओरडले, तयार. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मधोमध गेल्यावर गाठ सुटली. तुम्ही खाली दगडांवर, डावा पाय मांडीपासून वाकडा. त्यातही तुमचं शिकवणं चालूच, दात आवळून सांगताय, दोन काठ्या घ्या, त्यांत दोन शर्ट ओवा, स्ट्रेचर करा. आम्ही केलं. उचलताच शर्टांची बटणं तुटली आणि तुम्ही पुन्हा आपटलात. शेवटी पाड्यावरून माणसं आली, त्यांनी घोंगडीची झोळी बांबूला बांधली आणि तुम्हाला रस्त्यापर्यंत नेलं. त्यांतला एक वाटेत म्हणाला, "मास्तर, आमच्याकडं येवड्या उंच दोरावर मानूस चडत न्हाय. माकडं चडतात." तुम्हीच हसलात. मी नाही हसलो.

सहा-सात महिन्यांनी तुम्ही काठी टेकत कारखान्यात आलात. मुकादम तीन लूम पलीकडून म्हणाला, "तेरा मास्टर आया है, जल्दी निपटा." तुम्ही लूमच्या मधल्या बोळात उभे, केसांवर कापूस. मी बघून न बघितल्यासारखं केलं. एक धागा तुटला, मी जोडला. तुम्ही वाकून बघत राहिलात. मग खिशातून दोन दोऱ्या काढल्यात, एक जाड, एक बारीक, आणि माझ्यापुढे धरल्यात. मी गाठ मारून दिली. तुम्ही ती उलटी केलीत, सैल केलीत, पुन्हा आवळलीत, किती वेळ. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "तीच आहे. पुस्तकातलीच." मला वाटलं, आता माफी मागेल म्हातारा. तुम्ही मागितली नाहीत. दुसरंच काहीतरी विचारलंत. मी कानाला हात लावला आणि मान हलवली, ऐकू येत नाही. तुम्ही माझ्या खांद्यावर थोपटलंत आणि काठी टेकत गेलात. आठवड्याने पथकातल्या एका पोराच्या हाती वही आली. लाल फुली खोडून खाली सही केली होती, उत्तीर्ण. प्रशस्तिपत्रही पुढे आलं. रेल्वेचा अर्ज मी भरलाच नाही. कागद ट्रंकेत आहे, इथेच, खाटेखाली.

तुम्ही पुढे दोन वर्षांनी गेलात, त्या पायामुळे नाही, काविळीने. मित्राच्या पत्रातून कळलं. त्याने लिहिलं होतं की तुमच्या घरच्या बाई अजून सगळ्यांना सांगतात, यांनी स्वतःच गाठ चुकीची बांधली, पोरांचा काही दोष नाही, ते असंच सांगायचे. बाई त्याच घरात राहतात. हे पत्र तिथे टाकलं तर त्या वाचतील, म्हणून टाकणार नाही.

तुम्ही मला आवडत नव्हता सर, आजही आवडत नाही. इथे कुणी गाठ चुकीची मारताना दिसला तर मी कामावरच शिव्या घालतो, मग तो सुपरवायझर का असेना. एवढंच. आणि एक. लूमच्या आवाजात कानाने कुणीच ऐकत नाही, मुकादमसुद्धा नाही. आम्ही ओठ बघतो. पहिल्या महिन्यात शिकतो ते. "तुला तेव्हा दिसलं होतं ना रे?" असं तुम्ही विचारलं होतं. मला अक्षर न अक्षर कळलं होतं.