चीजसाठी उठलेलं प्रेत

प्रिय सोलांज,

काल चौकात पडदा लावून पुन्हा आपला सिनेमा दाखवला. तोच, आपल्या स्वयंपाकघरात चित्रित झालेला, चार दरोडेखोरांचा आणि त्यांना कुठेच टाकता न येणाऱ्या प्रेताचा. तुझे बाबा गेल्यापासून मी जात नव्हते. पडद्यावर ते तिशीतले, खोट्या मिशा लावून बसलेले, मला बघवले नसते. यंदा मात्र गेले, आणि पोटभर हसले.

तुला सगळं पाठ आहे, तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. दिग्दर्शकाने गावातलीच माणसं दरोडेखोर म्हणून टेबलाशी बसवली आणि मला वासराचा पांढरा रस्सा करायला सांगितला. खाण्याचं नुसतं नाटक करा, असं तो घसा कोरडा होईपर्यंत सांगत होता. पण गरम रस्सा समोर असताना आपली माणसं कसलं नाटक करतात! पातेलं चाटूनपुसून साफ. मला दुसऱ्यांदा रांधावं लागलं. मग "पोलीस आले, पळा!" असा इशारा झाला, तर एकही जण उठेना. बाबा शांतपणे म्हणाले, "अहो, चीज यायचंय अजून. मधूनच कसं उठायचं?" दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला आणि चीज आणवलं.

तेवढ्यात गालिच्यात गुंडाळलेल्या प्रेताचा हात हळूच वर आला आणि कॉम्ते चीजच्या तुकड्याकडे सरकला. प्रेत म्हणजे आन्सेल्म, आपला खाटीक, सकाळपासून उपाशी. बाबांनी त्या हातावर पाव हाणला. "मेल्या, मेलायस ना तू? मग भूक कसली लागते तुला?" कॅमेरा चालूच होता. अजूनही ते वाक्य आलं की सगळा चौक बाबांबरोबर ओरडतो. काल मीही ओरडले.

माझी तब्येत छान आहे. जर्दाळूचा मुरंबा केलाय, तुझ्या वाटणीच्या बरण्या बाजूला ठेवल्यात. आन्सेल्म दर रविवारी जेवायला येतो, ते तुला ठाऊक आहेच. त्याची बायको गेल्यापासून तो स्वतःपुरतं धड रांधत नाही. येताना चीज आणतो, जाताना भांडी विसळून जातो. बाबांच्या खुर्चीवर कधीच बसत नाही. मी काही न सांगता खिडकीजवळची घेतो. मागच्या रविवारी माझी पाठ वळलेली पाहून त्याने चीजकडे हात सरकवला, आणि माझ्या तोंडून बाबांचंच वाक्य निसटलं. आम्ही दोघं हसलो, आणि हसता हसता रडलो. बाबांची आठवण त्याच्यासमोर काढताना मला एकटं वाटत नाही, सोलांज. मग त्याने डोळे पुसले आणि जे विचारायचं ते विचारून टाकलं.

मी हो म्हटलंय. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी नगरभवनात लग्न आहे. साक्षीदार लागतो, आणि माझ्या बाजूने तू उभी राहावीस असं मला फार वाटतं. फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून हे पत्र. रागावलीस तरी ये. बाबांची खुर्ची मी कोणालाही दिलेली नाही. त्या दिवशी जेवायला तिच्यावर तू बस. आणि प्रेताने सगळ्यांच्या आधी चीजला हात लावला, तर त्यावर पाव हाणायचा मान तुझा.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई