मांडीवरचं चाक

३ मार्च, सोमवार

पत्र आलं! प्राध्यापकपदाची मुलाखत २१ तारखेला. शेवटची संधी, यानंतर वयात बसत नाही. बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटची ओळ दोनदा वाचली. बाहेरच्या तज्ज्ञ म्हणून येणार — विसरबाई!

हे नाव मी ठेवलेलं. ती दुसऱ्या विद्यापीठात शिकवते. विषय माझाच — देश सोडून आलेली माणसं, त्यांचा वंश, त्यांची संस्कृती. माझं म्हणणं, माणूस जुना देश उराशी धरून बसतो. तिचं म्हणणं, तो आनंदाने विसरतो. बारा वर्षं आमच्यातून विस्तव जात नाही. एका परिषदेत तिने माझ्या सिद्धान्ताला ‘हुंदक्यांचं शास्त्र’ म्हटलं. सगळे हसले. मीही हसलो — आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोललो नाही.

५ मार्च

तिचं पुस्तक रागापायी आजवर उघडलंच नव्हतं; आता तेच वाचून तिच्या चुका काढायच्या असं ठरवलं. पेन्सिलला टोक केलं.

पान ११२. ‘स्त्री क’ म्हणून कुणी म्हातारी सांगते — घर सोडताना शिवणयंत्राचं चाक तेवढं बरोबर घेतलं आणि तिसऱ्या दिवशी बोटीवरून समुद्रात भिरकावलं. ‘काय हलकं वाटलं म्हणून सांगू!’

समासात लिहिलं — थाप.

मग पेन्सिल खाली ठेवली. चाक तर माझं आहे! माझ्या पहिल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्याचं चित्र आहे. माझी ‘निवेदक ७’ ते चाक अकरा दिवस बोटीत मांडीवर घेऊन बसली होती, कुणाला हात लावू दिला नाही. माझा सगळा सिद्धान्त त्या चाकावर उभा आहे. दोन विद्यार्थी त्याच्यावर डॉक्टर झाले. आणि निवेदक ७ म्हणजे दुसरी-तिसरी कुणी नाही, माझी सख्खी आत्या.

६ मार्च

चाक घेऊन बोटीत बसलेल्या बायका जगात किती असतील? बायको म्हणाली, ‘एकच. आणि ती आपल्याला रविवारी जेवायला बोलावते.’

९ मार्च, रविवार

आत्याकडे. तीन जिने. दारातच नेहमीचं — ‘सावकाश रे! आधी बस. दम लागला का?’ बावन्न वर्षांचा घोडा मी! शाळेत धावायच्या शर्यतीतून माझं नाव हिनेच मास्तरांना भेटून काढवलं होतं. पाठीवरून हात फिरवते तो डाव्या बाजूच्या जुन्या खुणेवर येऊन थांबतो. तान्हा असताना मी बोटीच्या शिडीवरून पडलो, त्याची खूण. माझ्या प्रस्तावनेत ती आहे — ‘स्थलांतराने माझ्या देहावर ओढलेली रेघ’. परीक्षणांत फार वाखाणली गेली.

सरळ विचारलं.

‘हो, यायची की ती बाई! गुणाची आहे. तुझ्यापेक्षा अक्षर चांगलं.’

‘तिला चाक फेकलं म्हणालीस?’

‘मी रडायला लागले की तिचा चेहरा पडायचा रे. तिला हलकं हवं होतं, तुला जड. दोघांना दिलं.’

‘मला सांगायचं तरी!’

‘कसं सांगू? नाव गुप्त राहील म्हणून कागदावर सह्या तुम्हीच घेतल्यात ना? तुझं तिला कळू दिलं नाही, तिचं तुला. शब्द म्हणजे शब्द.’

‘आणि खरं चाक कुठे गेलं?’

‘कसलं चाक! तिकडे आपल्याकडे मशीनच नव्हतं.’

‘मग बोटीत मांडीवर काय होतं?’

‘चहा टाकते,’ म्हणाली आणि उठून गेली.

१३ मार्च

विसरबाईला उघडं पाडायचं, तर मीच आधी उघडा पडतो. न बोलावं तर पद मिळेल बहुधा. सगळ्या माहितीदारांची नावं झाकायची हा आमच्या धंद्याचा नियम. मी तो विद्यार्थ्यांना घसा फोडून शिकवतो. त्या झाकणाखाली बारा वर्षं एकाच म्हातारीवर दोघे भांडत होतो!

२० मार्च

ठरलं. तोंड उघडायचं नाही.

२१ मार्च

उघडलं.

विसरबाईने चष्मा पुसत विचारलं, ‘आपल्या निवेदक ७ विषयी आज आपल्याला काय वाटतं?’ साधा प्रश्न. उत्तर पाठ होतं. पण डोळ्यांसमोर आत्या आली, शब्द पाळणारी, आणि तोंडातून निघालं, ‘ती माझी आत्या आहे. चाक नव्हतंच. आपली स्त्री क पण तीच.’

विसरबाई पांढरीफटक पडली. मग विचारलं, ‘तिसरा जिना? दारात बसायला लावतात?’

‘दम लागला का म्हणून विचारते.’

‘मला नाही विचारत.’

आणि ती हसायला लागली! टेबलावर डोकं टेकून. मीही. विभागप्रमुख एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहून कागद उलटा ठेवला.

संध्याकाळी निरोप आला. पद नाही. वाईट वाटलं, फार वाटलं. विसरबाईचा फोन आला — तीही तिची पुढची आवृत्ती थांबवते आहे. पहिल्यांदाच तिने मला ‘अहो’ म्हटलं.

२३ मार्च, रविवार

आत्याला सांगितलं. ती म्हणाली, ‘माझ्यामुळे गेलं ना तुझं? मग ऐक. तुझ्या आईने शपथ घातली होती — पोराला सांगायचं नाही, जन्मभर ओझं घेऊन फिरेल. मांडीवर तू होतास रे. अकरा दिवस. काळजात दोष होता तुझ्या, आणि त्याचं ऑपरेशन करणारा डॉक्टर इथे होता. म्हणून घरदार सोडून आलो सगळे. शिडीवरून कुठला पडतोयस!’

मी रडलो. तिने पाठीवर हात ठेवला, नेहमीच्याच जागी.

माझ्या पुस्तकात स्थलांतराच्या नऊ कारणांचा तक्ता आहे. त्यात मी नाही.