सुंदरबाईंचा कच्चा मसुदा

२२ सप्टेंबर
साक्षरता वर्ग मलाच मिळाला. केंद्रप्रमुख परमेश्वर सरांनी फोनवर दुजोरा दिला. दुसरं कोणी तयार नव्हतं, असंही म्हणाले. ते ऑफ द रेकॉर्ड. माझ्यासारखा जिल्हा दैनिकाचा शिरूर कासारचा वार्ताहर अक्षरं गिरवून घेत बसणार नाही. वर्गातल्या बायांना अक्षरं मागच्या वर्षीच आली आहेत. मी लेखन शिकवणार, प्रक्रियेसकट. विचारमंथन, आराखडा, कच्चा मसुदा, पुनर्लेखन, अंतिम प्रत. शेवटी सगळ्यांच्या लेखनाचं पुस्तक. प्रस्तावना माझी. आजच सुरू केली.

२४ सप्टेंबर
वर्ग आमच्याच ओसरीवर. सगळ्या ऊसतोडीला जाणाऱ्या बाया. प्रत्येकीला विचारलं, काय लिहायचंय. सुंदरबाईंना मुलाला मोबाईलवर मेसेज लिहायचाय. अभिमन्यू दहावीला आहे, हंगामात इथंच वसतिगृहात राहतो. आजवर त्यांचा मेसेज दीर आश्रुबा लिहायचा, आणि लिहिता लिहिता साऱ्या टोळीला वाचून दाखवायचा. गेल्या साली मायलेकाचं भांडण फडावर सगळ्यांना पाठ झालं, म्हणाल्या. औंदा माजं मीच लिवणार.
विषय फार छोटा. हरकत नाही, मोठा करू.

३० सप्टेंबर
विचारमंथन चालू. फळ्यावर मधोमध 'मुलगा' लिहिलं, भोवती गोल काढला. सुंदरबाई म्हणाल्या, सर, इचार तर लई हायेत, ऊस तोडताना दुसरं काय करतो आमी. हात चालंना, तेवढं शिकवा. मी म्हणालो, घाईनं लेखन बिघडतं. त्यांनी बराच वेळ गोलाकडं पाहिलं आणि विचारलं, ही भाकर कशापायी काढलीय.
वर्ग सुटला की बाया स्वयंपाकघरात माझ्या बायकोजवळ, वनमालाजवळ बसतात. हिच्या मोबाईलवर काहीतरी खुडबुड चालते, हसणं ऐकू येतं. हिला सांगितलं, विद्यार्थिनींचं लक्ष विचलित होतंय. ही बरं म्हणाली.

७ ऑक्टोबर
आराखडा. सुरुवात, मध्य, शेवट. सुंदरबाई आराखडा न करताच थेट 'अभी जेवलास का' लिहून घेऊन आल्या. मी खोडलं. सुरुवात कुठं आहे, विचारलं. त्या म्हणाल्या, सुरुवात तर त्यो जलमला तवाच झाली की, सर.
विनोदबुद्धी आहे. वळण लावावं लागेल.
दुपारी संपादकांचा फोन. माझी नालीची बातमी एका बैठकीत खरडल्यासारखी वाटते म्हणे. अनुभवी माणसाला टप्पे लागत नाहीत. हे त्यांना सांगितलं नाही, वाईट वाटलं असतं.

१४ ऑक्टोबर
कच्चा मसुदा उभं राहून मोठ्यानं वाचायचा, असा नियम केला. सुंदरबाईंनी पाटी पदराखाली धरली. म्हणाल्या, मग तुमच्यात आन आश्रुबात फरक काय ऱ्हायला. वर्गात हशा.
फरक उघड आहे. आश्रुबाला प्रक्रिया माहीत नाही.
प्रस्तावनेची अकरा पानं झाली. पुस्तकात बाकी मजकूर अजून शून्य, पण पाया भक्कम आहे.

१८ ऑक्टोबर, सकाळ
वेळापत्रक जाहीर केलं. दिवाळीची सुट्टी. पुनर्लेखन पाच नोव्हेंबरपासून, अंतिम प्रत डिसेंबरात. बायांनी एकमेकींकडं पाहिलं. सुंदरबाई म्हणाल्या, बरं हाय, सर. आज्ञाधारक वर्ग आहे.

त्याच दिवशी, दुपार
मोठी बातमी पाठवली. कारखान्याचा बॉयलर पेटला, एक नोव्हेंबरला गाळप सुरू, तालुक्यातल्या टोळ्या भाऊबीज होताच निघणार. दोन मुकादमांशी बोलून खात्री केली. पहिल्या पानावर घेतो, संपादक म्हणाले, नावासकट.

५ नोव्हेंबर
ओसरीवर कोणी नाही. तासभर खडू हातात धरून उभा होतो. शेवटी वनमालाला विचारलं, बाया कुठं गेल्या. ही म्हणाली, अहो, तुम्हीच छापलंय ना पेपरात. कात्रण काढून पाहिलं. बातमी अचूक आहे.
तरी निदान सांगून जायला हवं होतं. ही म्हणते, सांगून गेल्या. ट्रकमध्ये बसायच्या आधी सुंदरबाई स्वयंपाकघरात तासभर बसल्या होत्या. म्हणजे माझ्या वर्गाला वेळ नाही आणि गप्पांना आहे. टप्पा तीनवरच त्या अडकल्या. हंगामभर पुन्हा मेसेजसाठी आश्रुबाच्या तोंडाकडं बघत बसणार. वाईट वाटतं, पण प्रक्रिया सोडली की असं होतं.

९ नोव्हेंबर
सुंदरबाईंचा मेसेज अभिमन्यूला आला. वसतिगृहाच्या पायरीवर अभिमन्यूनं स्वतः दुजोरा दिला. त्यांनीच लिहिला कशावरून, मी विचारलं. तो म्हणाला, काका लिवतो तवा काकाच रागावतो. ह्यात आई रागावलीय.
मी म्हणालो, दाखव, किंचित पुनर्लेखन करून पुस्तकात घेऊ. त्यानं मोबाईल पालथा धरला. आईनं बजावलंय, कुणाला दावायचा न्हाई, आन सरांना तर मुळीच न्हाई.
घरी आलो. वनमालालाही एक मेसेज आलाय. तीही दाखवत नाही, वाचून हसते.
मला आलेला नाही. फडावर रेंज नसेल.
अभिमन्यू आज संध्याकाळी उत्तर पाठवणार आहे. आराखडा केलास का, विचारलं. म्हणाला, आराखडा कशाला, सर. पहिल्यांदा दोघंच भांडतोय, मी बी सोडत न्हाई.