हुकमाचं वादळ

समावाजवळचं हवामान ठाणं,
२९ मार्च २००३

आदरणीय अबू नवाल दाजी,

तुमच्या घरावर अल्लाची मेहेर राहो. तुमचा गुडघा, ताईचा खोकला, नवालचं बाळंतपण (मुलगा की मुलगी हे मला अजून कुणी कळवलेलं नाही, युद्ध चालू आहे ही सबब मला सांगू नका) सगळं ठीक असेल. इकडे मी जिवंत आहे आणि संतापलेला आहे. पहिला राग तुमच्यावरच. "खुदैर, सरकारी नोकरी आहे, आभाळाकडे बघत बसायचं," असं सांगून एकोणीस वर्षांपूर्वी तुम्हीच मला या वाळवंटात चिकटवलंत.

लढाईला तोंड फुटलं त्याच दिवशी मिझहर नावाचा एक कॅप्टन अकरा शिपाई घेऊन माझ्या ठाण्यात ठाण मांडून बसला. (शिपाई कसले, कालपर्यंत कुणी भट्टीवर रोट्या भाजत होता, कुणी मेंढ्या राखत होता.) आल्या आल्या त्याने माझा चहा संपवला आणि हुकूम सोडला की दर तीन तासांनी वायरलेसवर 'वादळ' कळवायचं. आभाळ निरभ्र आहे म्हटलं, तर म्हणतो, "तुला कोण विचारतंय? शत्रू ऐकतोय. वादळ म्हटलं की विमानं फिरकायची नाहीत." चार दिवस मी डोक्यावर टळटळीत ऊन घेऊन वादळ कळवत होतो. एकोणीस वर्षांत एक आकडा खोटा लिहिला नव्हता हो! आणि विमानं? ती रोज येत होती.

पाचव्या दिवशी हवेचा दाब एकदम घसरला. मी ओरडत धावलो, तंबू उतरवा, पाणी आत घ्या! पोरं खदाखदा हसली. "काका, आज अगदी रंगात आलाय!" कॅप्टनने तर माझी पाठ थोपटली. दुपारी आभाळ शेंदरी झालं, मग काळं, आणि तंबू जे उडाले ते उडालेच. माझी तापमापकाची पांढरी पेटीही त्यांच्यामागून गेली. वर चिखलाचा पाऊस. एका खोलीत आम्ही तेरा जण, आणि हा कॅप्टन माझ्यावरच डाफरतो, "इतकं कशाला कळवत बसलास? आलं ना शेवटी!"

दुसऱ्या संध्याकाळी वायरलेसवर हुकूम आला की वादळ शमताच पोरांना घेऊन हमरस्त्यावर शत्रूच्या रणगाड्यांसमोर जा. कॅप्टनने विचारलं, कधी शमेल? मी म्हटलं, उद्या सकाळी. तो हळूच म्हणाला, "अजून तीन दिवस, असं कळव."

माझा तोल गेला. "मी काय तुमच्या घरचा भाट आहे? माझी नोंदवही आहे ही!" त्याने नुसतं बोट दाखवलं. पोरं एकमेकांच्या अंगावर डोकी टाकून पडली होती, पापण्यांवर चिखल वाळलेला. "यातल्या सात जणांना बंदूक भरता येत नाही," तो म्हणाला. "लिही, खुदैर."

लिहिलं. माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. आणि तेच वायरलेसवर कळवलं. सकाळी आभाळ स्वच्छ. त्याने पोरांचे गणवेश उतरवले आणि त्यांना दोघादोघांनी, तिघातिघांनी आपापल्या गावी पिटाळलं. वही नासली, माझ्या साठ्यातले कांदे संपले, पेटी गेली. असल्या माणसाचं तोंडही बघू नये!

तुमचा संतप्त मेव्हणा,
खुदैर

ता. क. ताईला सलाम.

ता. क. २. हे पत्र आणणारा उंच माणूस, अंगात माझा निळा झगा, तोच मिझहर. त्याचे वरिष्ठ त्याला शोधताहेत. दिवानियाच्या तुमच्या खजुराच्या बागेत त्याला ठेवून घ्या. कुणी विचारलं तर माझा चुलतभाऊ म्हणा. वाटेत झडती झाली तर पत्र गिळून टाक, असं बजावलंय. म्हणून कागद पातळ घेतला.

ता. क. ३. तो चहात चार चमचे साखर घालतो. घालू द्या. तो पोचला की लगेच कळवा. माझा राग आहे तो आहेच, पण आधी कळवा.