टेबलावर राहिलेली पुस्तकं

६ जानेवारी, सोमवार
मुख्य कार्यालयाचं पत्र. पुण्याहून. यापुढे नुसतं मु.का. लिहीन, पूर्ण नाव लिहिण्याइतकं प्रेम आज उरलेलं नाही. आमच्या समुद्रजीव संशोधन केंद्राचं ग्रंथालय कोणी वापरतं का, हे त्यांना बघायचंय. महिनाभर वाचकांनी पुस्तकं टेबलावरच ठेवायची, संध्याकाळी ग्रंथपालाने, म्हणजे मी, ती मोजायची. वापर दिसला नाही तर पुस्तकं पुण्याच्या गोदामात आणि खोली संगणक विभागाला. ग्रंथपालाचं काय करणार, त्याबद्दल एक ओळ नाही.

संध्याकाळी मोजायला गेले. टेबल लख्ख. दिवसभर माणसं माझ्या डोळ्यांदेखत वाचत बसली होती.

८ जानेवारी, बुधवार
टेबल आजही रिकामं. कारण मला माहीत आहे, मु.का.ला कसं कळावं? इथली हवा खारी. रात्रभर बाहेर राहिलेलं पुस्तक सकाळी पापडासारखं नरम पडतं, चार दिवसांत बुरशी. म्हणून केंद्र सुरू झाल्यापासूनची रीत: वाचून झालं की ज्याने त्याने पुस्तक काचेच्या कपाटात, जागच्या जागी, डांबरगोळीच्या शेजारी ठेवायचं. नवा माणूस आधी हे शिकतो, मग मस्टर कुठे आहे ते विचारतो.

आज पाटी लावली. 'कृपया पुस्तके टेबलावरच ठेवा.' रुखसाना (मुरुडचीच मुलगी, खेकड्यांवर पीएच.डी. करते) पाटी वाचून हसली, "हो ताई" म्हणाली, आणि जाताना पुस्तक कपाटात ठेवून गेली. काच पुसून सुद्धा. रागवायचं तरी कोणत्या तोंडाने?

१० जानेवारी, शुक्रवार
संचालक सरांकडे गेले. म्हटलं, ही मोजणी आमच्यासाठी उलटी आहे. जितके शिस्तीचे वाचक, तितका आकडा कमी. सर म्हणाले, "पत्रात लिहिलंय तसं करा, मॅडम. आणि खरं सांगू? हल्ली सगळे स्क्रीनवरच वाचतात." उंटावरून शेळ्या हाकणारे पुण्यातच असतात असं नाही.

खोली गेली तर मलाही पुण्यालाच धाडणार, उघड आहे. आई बोर्लीला, गाव सोडायची नाही. पण आईचं निमित्त आहे, तेही लिहून ठेवते. ही खोली मला हवी आहे. सकाळी कपाटं उघडल्यावर येणारा वास हवा आहे. कोण काय वाचतंय ते मागून हळूच बघण्याची सवय लागली आहे मला, ती हौस गोदामात कुठली भागायला?

शिपाई हरेश्वरला सगळं सांगितलं. तो श्रीवर्धनकडचा कोळी. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खोली जानार तर मंग आमी काय बगत बसू?" म्हणजे काय करणार, ते मात्र सांगेना.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. तिळगूळ वाटायला आत गेले तर टेबल दिसेना. पुस्तकांचे ढीग. खुर्च्यांवरही. सगळ्या केंद्राने मिळून कपाटं उपसली होती. हरेश्वरने सगळ्यात जाडजूड खंड पुढे मांडलेले.
"ही तू काढलीस? कशावरची आहेत?"
"ते न्हाय म्हाईत. जाडी बगून काढली. सायेब लोकांना जाड बुकं आवडतात."
लेखा विभागाच्या शिंदेबाईंनी ठेवलेलं पुस्तक उलटं उघडलेलं. आणि एक खंड चक्क जपानी भाषेतला. केंद्रात जपानी कोणाला येतं, विचारलं. सगळे तिळगूळ चघळत राहिले.

खूप चिडले. अति तिथे माती. मग दार लावून थोडं रडले, कारण हे सगळं त्यांनी माझ्यासाठी केलं होतं. नंतर डोळे पुसून सगळी पुस्तकं परत लावायला घेतली. रात्री बाहेर कशी राहू देणार?

१५ जानेवारी
ढीग आजही. आता नवाच नाद लागलाय. यातलं खरं वाचलेलं कुठलं, आणि नुसतं काढून ठेवलेलं कुठलं? वरच्या कडेवर धूळ तशीच, म्हणजे दिखाऊ. दमटपणाने चिकटलेली गुळगुळीत पानं सुटलेली नाहीत, म्हणजे दिखाऊ. पान सुटलंय आणि कोपऱ्याला चहाचा डाग, म्हणजे खरं. (डागाबद्दल नंतर बघून घेईन.)

शिंदेबाईंचं पुस्तक डॉल्फिनवरचं. आज सुलटं होतं, आणि बरंच पुढचं पान उघडलेलं.

१७ जानेवारी, शुक्रवार
आजचं नीट लिहायला हवं.

रुखसानाने दिखाव्यासाठी खालच्या कप्प्यातला जुना खंड काढला. मासे होते त्यात, तिचा काही संबंध नाही. ठेवता ठेवता उघडला. मग उभ्याउभ्याच वाचत राहिली. चहाला आली नाही, जेवणाचा डबाही तसाच. दुपारी मला हाक मारली.
"ताई, हे बघा. निवटी."
चिखलात उड्या मारणारा तो मासा. इथे त्याचं कालवण करतात, खंडात त्याच्या बिळांची चित्रं होती. कोणीतरी फार पूर्वी आमच्याच खाडीत बसून काढलेली.
"ही बिळं मी रोज बघते. मी ती खेकड्यांची म्हणून धरली."
"सगळी?"
"माहीत नाही ना. काही खेकड्यांची असतील, काही याची. काहींत दोघंही राहतात असं लिहिलंय. या अल्ला, माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण परत."
घाबरली होती. पण डोळे असे चमकत होते की मला तिचा हेवा वाटला. सोमवारी ओहोटीला परत खाडीत जाते म्हणाली, चित्रांचे फोटो काढले, आणि बोलता बोलता खंड कपाटात ठेवून दिला. जागच्या जागी.

म्हणजे महिन्यातलं सगळ्यात खरं वाचन, आणि टेबलावर काही नाही. ती गेल्यावर मी तो खंड काढून टेबलावर ठेवला. स्वतःचीच लाज वाटली. परत आत ठेवला.

२१ जानेवारी, मंगळवार
हरेश्वर काल रुखसानाबरोबर खाडीत गेला होता. आज पाय खरवडलेले आणि तोंडाचा पट्टा चालू. "निवटी समोर उडत व्हती, कालवनापुरती सहज गावली असती. ही पोर धरू द्यायची न्हाय. म्हनं, घर कोनाचं ते बगायचंय." रुखसानाला विचारलं, कळलं का? अजून नाही. पाणी लवकर भरलं.

मलाही आता ते कळल्याशिवाय चैन पडणार नाही. मला काय करायचंय खेकड्यांशी, पण आहे हे असं आहे.

३१ जानेवारी, शुक्रवार
मु.का.ला आकडा कळवायचा दिवस. खोटे ढीग धरले तर आम्ही राज्यात पहिले. खरं तेवढंच धरलं तर गोदाम नक्की. हरेश्वर म्हणाला, "ताई, लिवा की. कोन बगतंय?" मोह झाला, खोटं कशाला बोलू. मग लिहिलं ते एवढंच: 'टेबलावरची पुस्तके मोजून या ग्रंथालयाचा वापर कळत नाही. येऊन एक दिवस बसावे.'


६ फेब्रुवारी, गुरुवार
आले. तांबे साहेब, मु.का.चे. माणगावला गाडी अडकली म्हणून उन्हातान्हाचे पोचले. थकलेले, पण बोलायला सभ्य. ढीग मी कधीच आवरले होते. टेबल रिकामं, कोपऱ्यात रुखसाना एकटी वाचत बसलेली. बघून 'हं' म्हणाले. तो 'हं' मला आवडला नाही.

चहा येईपर्यंत खिडकीपाशी उभे होते. मग विचारलं, "किनाऱ्यावर वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी दिसली. कोण करतं हो ती?"
म्हटलं, खेकडा. एवढासा.
"कशाला?"
मी त्यावरची पातळ इंग्रजी पुस्तिका काढून हातात दिली. बसले. चहा निवला. संचालक सर जेवायला न्यायला आले तर म्हणाले, "हे पान होऊ दे." रुखसाना माझ्याकडे बघून गालात हसली.

संध्याकाळी गेले. "अहवाल देतो," एवढंच. नंतर आवरायला घेतलं तर पुस्तिका टेबलावर नाही. कपाटातही नाही. सगळीकडे शोधलं.
"सायबांच्या पिशवीत गेली."
"असं बोलू नये, हरेश्वर."
"बोलत न्हाय. बगितलं."

१० फेब्रुवारी, सोमवार
संचालक सर म्हणतात, विसरा ते पुस्तक, अहवाल त्यांच्या हातात आहे. खरं आहे. दुखवून कसं चालेल? पण नोंद न करता पुस्तक नेणाऱ्या कोणाला मी आजवर सोडलं आहे? स्वतः सरांनाही नाही. दोन दिवस घोळ घातला. आज त्यांच्या नावाने नोंद केली आणि नेहमीचं छापील आठवणपत्र पाठवलं: 'पुस्तक वाचून झाले असल्यास परत करावे. वाचन चालू असल्यास मुदत वाढवून मिळेल.'

१७ फेब्रुवारी, सोमवार
दुपारी पुण्याहून फोन. तांबे साहेब स्वतः. मला वाटलं, झालं.
"मॅडम, तुमचं पत्र मिळालं. चुकून आलं ते पुस्तक माझ्याकडे."
"हो."
"मुदत वाढवून मिळेल का? मुलगीही वाचतेय. रात्री भांडतो आम्ही त्यावरून."
"मिळेल. पण परत मात्र इथेच आणून द्यावं लागेल. पुण्याच्या गोदामात चालणार नाही."
मागे कोणाचा तरी टाइप केल्याचा आवाज येत होता.
"बघतो," म्हणाले.
काय बघतो, ते विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मुदत मार्चअखेरपर्यंत वाढवून लिहिली.