चार वाजताची डावी कूस

ती. रुखमाबाई आत्याले,

चिखलीहून ज्ञानेश्वरचा दंडवत. तुहे गुडघे कसे हायेत? तेल लावून राह्यली का शिशी तशीच कोनाड्यात? मी बरा हाये. (हे पत्र तुही पोरगी राखी वाचून दाखवते. फोन केला असता, पन फोनवर तू मधातच 'जेवला काय' इचारतं अन् माहं बोलनं तथीच सरते.)

तर माहा नर्सिंग असिस्टंटचा कोर्स अर्ध्यावर आला. बी.ए. झाल्यावर मले वाटलं का सुई देनं, बीपी पाहनं असं कायतरी इज्जतीचं शिकवतीन. शिकवलं काय, तं चादर. मानूस खाटीवरच ठेवून त्याच्या खालची चादर कशी बदलाची. मंग तोंड धुनं, भरवनं, शौचाचं भांडं देनं, अन् सगळ्यात मोठं, कूस पालटनं. लकव्याच्या मानसाले दर दोन घंट्यानं हलवा लागते, नाई तं पाठ सडते. शिकाले एक रबरी पुतळा हाये. पोरं त्याले भगवंतराव म्हनतात, कारन तो कुरकुरत नाई. (त्याचा एक हात खांद्यातून निघते. थो आमी सलाइनच्या खोक्यात ठेवतो.)

दवाखान्यात प्रॅक्टिकल लागलं तवा शरयू सिस्टरनं पहिल्याच दिवशी खरा धडा देला. कूस पालटल्याचा कागद खाटीले लटकते, थो सकाळीच साऱ्या दिवसाचा भरून टाकाचा. मी म्हटलं, आधीच? थे म्हने, "तपासनीवाले कागद पाह्यतात बाबू, पाठ पाह्यत नाईत."

तुह्या शेजारचे उत्तमराव लकव्यानं माह्याच वार्डात होते, हे तुले ठाऊक हाये. त्या मंगळवारी मी त्यायचा कागद भरला. आठले उताने, दहाले डावी कूस, बाराले उजवी, असं संध्याकाळच्या सहापर्यंत, अन् दर ओळीले 'पेशंट आरामात'. अकरा वाजता उलटी श्वासात गेली अन् उत्तमराव वारले. चार वाजता तुमच्या साखरखेर्ड्यात त्यायले आग देली. गडबडीत थो कागद लावलेली फाईलही घरच्यायसंग गेली.

तिसऱ्या दिवशी त्यायची नात समता थे फाईल घेऊन सिधी वार्डात. संग उत्तमरावची बायको कौशल्याबाई अन् पोरगा राजकुमार. समता म्हने, "दादा, चार वाजता आजोबा डाव्या कुशीवर आरामात होते म्हने. तवा तं आमी त्यायले पेटवून राह्यलो होतो." बाजूच्या खाटीवरचा पेशंट हासला. सिस्टर म्हने, लिहिन्यातली चूक हाये. डॉक्टरनं आधीच सांगतलं होतं का मानूस कुशीवर असला तं उलटी बाहीर पडते, उताना असला तं श्वासात जाते. म्हनून कौशल्याबाईनं मले येवढंच इचारलं, "बाकीचं जाऊ दे लेकरा. साडेदहाले मी कपडे धुवून आली तवा थे उतानेच होते ना?"

मी म्हटलं, नाई मावशी, दहाची कूस मी सोता पालटली.

राजकुमार म्हने, "म्हनजे माय, तुनंच उतानं केलं."

म्हतारीनं आपल्या हाताकडं पाह्यलं. आता ऐकतो का थे जेवत नाई, अन् राजकुमार तिच्याशी बोलत नाई. आत्या, तू शेजारी हायेस. तिले समजावजो का वय झाल्यावर मानूस इसरते, त्यात तिचा काही गुन्हा नाई.

तुहा भाचा
ज्ञानेश्वर

ता.क. राखी, याच्या खालचं आत्याले वाचू नको. दहा वाजता मी वार्डात नव्हतोच. संस्थेच्या जाहिरातीचा फोटो काढाचा होता. वरच्या मजल्यावर घंटाभर मी भगवंतरावची कूस पालटून राह्यलो होतो. फोटोवाला म्हने, अजून एकदा, चेहऱ्यावर जरा माया आना. सात वेळा पालटला. फोटो चांगला आला, बस स्टँडवर लागनार हाये.

ता.क. दुसरा. राखी, वाच. आत्याले वाच, मंग कौशल्याबाईच्या घरी जाय अन् राजकुमारसमोर वरपासून खालपर्यंत वाच. मी सोताच येनार होतो. पन जीपमंदी बसेपर्यंत मी दुसरंच काहीतरी ठरवन, मले माहा भरोसा नाई. म्हनून आत्ताच डाकेत टाकून राह्यलो.