छत्रीवाला मी नव्हे

ती. ताईस,
इतक्या लांबून वाकून नमस्कार.

मी पाठवलेल्या जुन्या चित्रकार्डावरचा छत्रीवाला म्हणजे मीच, असं आई म्हणते हे वाचून चक्रावलो. अगं, ते कार्ड माझ्या जन्माआधी छापलंय! जिथून घेतलं त्या दुकानात त्याचीच दुसरी प्रत होती, ती माझ्या घड्याळदुरुस्तीच्या भिंगातून पाहिली. त्या माणसाला चेहराच नाही, नुसता करडा ठिपका. हे काम मी कुणाच्या हाताखाली न राहता शिकलो, माझी नजर चुकत नाही.

आईचा गुडघा कसा आहे? माझं उत्तम चाललंय.

पण "पोरगा फार वाळलाय गं," असंही ती म्हणाली ना? तिला सांगू नकोस, परवाच पट्ट्याला नवं भोक पाडलं, अगदी मापात. त्या ठिपक्यात तिला हे दिसलं कसं?

तुझा,
धाकटा